जिन्याखालची पत्रपेटी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. तुमची सून अमेरिकेची आहे आणि ठाण्यात तुमच्याबरोबरच राहते, हे मागे तुमच्या एका उत्तरात वाचलं होतं, म्हणून हे पत्र. माझा मुलगा अकरा वर्षांनी अमेरिकेतून कायमचा परत येतोय. वर्षभरापूर्वी त्याचं तिकडेच लग्न झालं. सून तिकडचीच. गणपतीनंतर दोघं आमच्याकडे कोपरखैरण्याला येतील आणि निदान वर्षभर आमच्यातच राहतील. घर दोन खोल्या-हॉलचं. एसी बसवला, ओव्हन घेतला, बाथरूम नवीन करून घेतलं. तरी जिवाला घोर आहे. तिला इथलं काय सोसणार नाही? आमच्या हातून तिला खटकेल असं काय होईल? तिचं मन रमावं म्हणून आणखी काय आणून ठेवू?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : आणखी काही आणू नका. तुमचं पत्र वाचताना मला सात वर्षांपूर्वीचं आमचं नौपाड्यातलं घर दिसलं. मीही असाच सगळा सरंजाम केला होता. कॉर्नफ्लेक्सची तीन खोकी, चीज, मोठ्या स्लाइसचा पाव. कॉर्नफ्लेक्स पहिल्याच पावसात सादळले. सून दुसऱ्या दिवसापासून पोहे खात होती.

ती मिनेसोटाची. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून असलेलं हे राज्य. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं छापलेलं असतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर जातो आणि ही तळी गोठतात. मला धास्ती होती ती ठाण्याच्या मे महिन्याची. तो तिने काढला. लोकल सोसली, तिखट सोसलं, सोसायटीतल्या ढोलाचा आवाजही सोसला. तिला जड गेल्या त्या गोष्टी माझ्या यादीत नव्हत्याच. यादीत नव्हत्या, कारण त्या कुणाला सांगायच्या असतात हेच मला कधी सुचलं नव्हतं. एक प्रसंग जरा सविस्तर सांगते.

मी ३१ वर्षं पोस्टात नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. सून आली त्या जुलैत तिने तिच्या आजीला पत्र लिहिलं. हाताने, तीन पानी. मी पाकिटाचं वजन करून आणलं, तिकिटं लावून दिली. ‘मी टाकते,’ असं ती म्हणाली आणि मला बरं वाटलं. त्यानंतर तीन आठवडे गेले. आमच्या इमारतीत जिन्याखाली प्रत्येक बिऱ्हाडाची एक लाकडी पत्रपेटी आहे. हल्ली तिच्यात येतं काय, एखादं बँकेचं पत्र, त्यामुळे रोज उघडायची सवय सुटलेली. एक दिवस सहज उघडली, तर आत तेच पाकीट! निळ्या शाईतला पत्ता, मी लावलेली तिकिटं, आणि त्यांच्यावर शिक्का नाही. ओल लागून डिंक सुटला होता. कडेला बुरशीची बारीक रेघ धरली होती.

तिच्या गावी घराबाहेर, रस्त्याच्या कडेला प्रत्येकाची पेटी असते आणि पेटीला पत्र्याची छोटी लाल पताका असते. पत्र पाठवायचं असलं की आपल्याच पेटीत ठेवायचं आणि पताका उभी करायची. पोस्टमन आलेली पत्रं आत टाकतो, जाणारं उचलून नेतो. आमच्या पेटीला पताका नव्हती. तिला वाटलं, इथे नसेल तशी रीत, पोस्टमन उघडून बघत असेल. आणि मी, जिचा जन्म पोस्टात गेला, तिला लाल डबा कुठे आहे एवढं सांगायचं सुचलं नाही. कारण ते काय सांगायचं असतं? लहान मुलालाही माहीत असतं. ती मात्र तीन आठवडे आजीच्या उत्तराची वाट बघत होती आणि मला विचारत नव्हती. ‘आधीच दिवसभर तुम्हाला विचारत असते, आणखी किती विचारू?’ असं म्हणाली तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी पत्र नव्या पाकिटात घालून पोस्टापर्यंत चालत गेलो. डब्यावर डाक काढायच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या मी तिला वाचून दाखवल्या. तिने पत्र आत सोडलं आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच धरून ठेवला.

म्हणून मी म्हणते, एसीपेक्षा हे महत्त्वाचं आहे. ‘एवढं तर कळतंच’ असं जे जे तुम्हाला वाटतं, ते तिला सांगा. ती विचारील म्हणून थांबू नका.

तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे? तिकडे जमिनीलगतच्या मजल्याला पहिला म्हणतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे तिच्या हिशेबाने तिसऱ्या. वाण्याचा मुलगा दोनदा वरच्या बिऱ्हाडात सामान ठेवून आला, कारण फोनवर तिने तसंच सांगितलं होतं. तारीख लिहिताना ते महिना आधी लिहितात. ८ मार्च तिच्या हाताने ०३/०८ अशी उमटते आणि आपण ती ३ ऑगस्ट वाचतो. दुधाचं तसंच. तिकडे दूध तापवायची पद्धत नाही, डबा फ्रीजमधून काढायचा आणि प्यायचा. अंड्यांचं उलटं. तिकडे विकायची अंडी आधी धुतात, आणि धुतलेलं अंडं थंडच ठेवावं लागतं. त्यामुळे आपल्या दुकानात बाहेर ट्रेमध्ये रचलेली अंडी बघून तिला ती नासकी वाटली होती. महिनाभर तिने अंड्याला हात लावला नाही, आणि मी समजत होते की तिला अंडं आवडत नाही.

विजेच्या वस्तू ती बरोबर आणणार असेल तर मुलाला सांगा, तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक दोन्हींवर चालतात, तसं त्यांच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. कॉफीचं यंत्र किंवा केस वाळवायचा ड्रायर चालेलच असं नाही.

आता खटकण्याबद्दल. तुम्ही विचारलंत की तिला काय खटकेल. मी आधी उलट बाजू सांगते, कारण मन आधी तुमचं दुखेल.

ती खोलीचं दार लावून बसेल. आपल्याकडे दिवसा दार लावलं म्हणजे कुणीतरी आजारी किंवा कुणाचं तरी बिनसलेलं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा दारावर टकटक करून ‘काय झालं गं?’ विचारलं. काहीच झालेलं नव्हतं. तिला दिवसातून तासभर एकटं बसायला लागतं, जशी मला दुपारची पाठ टेकायला लागते. आता ती दार लावते, मी टेकते, आणि साडेचारला दोघी चहाला भेटतो.

ती जेवणानंतर दर वेळी ‘थँक्यू’ म्हणेल. मला ते फार लागलं होतं. घरचं माणूस आभार कधी मानतं? मी मुलाजवळ बोलले, त्याने तिला सांगितलं, आणि ती गोंधळून माझ्याकडे आली. तिच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं हेच, की बाहेरच्यांचे आभार सगळेच मानतात, घरच्यांचे विसरायचे नाहीत. त्यानंतर मी तो शब्द कधी परका मानला नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच मानू नका, म्हणजे माझे गेले तसे तुमचे चार महिने जाणार नाहीत.

आणि ‘नको’. ह्या शब्दावरून आमच्याकडे नातं दुखावता दुखावता राहिलं. माझ्या नणंदबाई डोंबिवलीहून आल्या. सुनेने मराठीत विचारलं, ‘चहा घेणार?’ नणंद म्हणाल्या, ‘नको गं, कशाला.’ झालं. सुनेने चहा टाकला नाही. तिच्या दृष्टीने एका मोठ्या बाईने स्पष्ट नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दाला किंमत न देणं. नणंदबाई दोन तास बसून कोरड्या घशाने गेल्या आणि रात्री मला फोन आला. तेव्हा दोन्हीकडचं सांगून ठेवा. तिला सांगा, आपल्याकडे दोनदा-तीनदा विचारायचं असतं. आणि स्वतःला सांगा, तिने पोळीला नको म्हटलं की वाढायची नाही. पानावर आडवा हात धरलेला असताना मी वरून पोळी सोडली आहे, आणि सुनेला ती रडवेली होऊन संपवताना मी पाहिलं आहे. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

नावाचं एक आधीच सांगते, कारण ह्यात आमचं अर्धं वर्ष गेलं. अमेरिकन माणसाचं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं नसतं. ते त्याचं स्वतःचंच दुसरं नाव असतं, आजीवरून, मावशीवरून ठेवलेलं. एका बँकेत तिचा अर्ज भरताना तिथल्या माणसाने आपण होऊन मधल्या रकान्यात माझ्या मुलाचं नाव घातलं. खातं एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या नावाने, मग पॅन कार्ड जुळेना. दुरुस्तीसाठी सहा खेपा घातल्या. फॉर्म कुठलाही असो, पासपोर्टावर आहे ते अक्षर न अक्षर तसंच लिहायचं, आणि समोरच्याने लिहिलेलं तिथेच वाचून घ्यायचं.

कागदपत्रांचं आणखी थोडं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला येणाऱ्या परदेशी माणसाला आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. ती ‘ई-एफआरआरओ’ च्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर होते. मुलाने आल्या आल्या तेच काम धरावं, जेटलॅग नंतर काढावा. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी अर्ज करता येतो. तुमच्याकडे वर्षच झालंय, म्हणजे अजून वेळ आहे. ते कार्ड आल्यावर व्हिसाची कटकट मिटते. मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला तिकडच्या सरकारकडे दर वर्षी कराचं विवरण भरावं लागतं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती कळवावी लागते, आणि जोडखातीही त्यात धरतात. मी प्रेमापोटी आमच्या दोन मुदत ठेवींना तिचं नाव लावलं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही, पण मार्च महिन्यात तिला आमच्या ठेवींचे आकडे मागताना इतका संकोच झाला की मलाच वाईट वाटलं. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुठे लावू नका.

मन रमण्याचं शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्रातला तोच खरा प्रश्न आहे.

पहिले सहा महिने मी तिला काही करू दिलं नाही. भाजी मी आणायची, बाई भांडी करायची, रिक्षा मुलाने ठरवून द्यायची. ती ताटावर यायची आणि ताटावरून उठायची. तिची तब्येत चांगली होती, सगळे लाड होते, आणि ती दिवसेंदिवस मिटत चालली होती. मग एका ऑगस्टात मी गुडघ्याने अंथरूण धरलं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम तिच्याकडे गेलं. तिच्या माहेरी कपडे यंत्रात वाळतात. इथे आमच्या गच्चीवर शेडखाली उंच दांड्या आहेत, मी काठीने कपडे चढवते. ती चांगली उंच. काठी बाजूला ठेवून तिने चादरीसुद्धा हाताने टाकल्या. चार दिवसांत तिला एक गोष्ट कळली जी मला पस्तीस वर्षांत कळली नव्हती. आमच्या गच्चीवरून दोन टॉवरच्या फटीतून येऊरचा डोंगर दिसतो. तो पुसला गेला की दहा मिनिटांत सर येते. डोंगर दिसेनासा झाला की ती धावत वर जायची आणि आमचेच नव्हे, चारही बिऱ्हाडांचे उघड्या दोरीवरचे कपडे काढून शेडखाली आणायची. मग शेजारच्या बायका तिला दारातून हाका मारू लागल्या, ‘डोंगर दिसतोय का गं?’ हा प्रश्न तिला कळायचा, आणि उत्तर घरात फक्त तिलाच ठाऊक असायचं.

माझा गुडघा बरा झाला, पण ते काम मी परत घेतलं नाही.

पुढे ओसीआय मिळाल्यावर ती ऐरोलीला नोकरीला लागली. ठाणे-वाशी लोकलने जाते. बायकांच्या डब्यात अनोळखी बाई खांद्याला हात लावून विचारते, ‘कुठे उतरणार?’ म्हणजे उतरणारीची जागा आपल्याला मिळावी. तिकडे अनोळखी माणसाने असं विचारलं तर ती घाबरली असती. आता तीच विचारते, आणि ‘रबाळे’ असं उत्तर आलं की पुढच्या बाईजवळ सरकते, कारण रबाळे ऐरोलीच्या पुढे आहे. हे तिला कुणी शिकवलं नाही.

तेव्हा ती आल्यावर पंधरा दिवसांच्या आत घरातलं एक काम तिला पूर्णपणे देऊन टाका. मदतीचं नव्हे, तिचं म्हणून. दुधाचा हिशेब असो, झाडांचं पाणी असो. चुकलं तर चुकू द्या.

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एक अमेरिकन कुटुंब राहायला आलं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बाईंना बोलवावं का? धर्माचं म्हणून त्यांना अवघड वाटेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर बोलवा. पण दारावर येऊन ‘या हं संध्याकाळी’ एवढंच म्हणू नका. किती वाजता यायचं, किती वेळ बसायचं, चपला बाहेर काढायच्या, काय काय होईल हे दोन दिवस आधी सांगा. तिकडे ‘सहा वाजता’ म्हणजे सहाच वाजता. तुम्ही साडी नेसत असताना त्या दारात उभ्या असतील. कुंकू लावायच्या आधी विचारा, नको म्हणाल्या तर हसून तिळगूळ हातावर ठेवा. वाण मात्र द्याच, आणि ते कशासाठी लुटतात तेही सांगा.

आणि जाताना बायका ‘येते हं’ म्हणतात, त्याचा अर्थ त्यांना आधी समजावून ठेवा. माझी सून आली त्या वर्षी शेजारच्या काकू ‘येते गं’ म्हणून उठल्या, तर ही अर्धा तास दार उघडं ठेवून त्यांची वाट बघत होती. जाताना ‘जाते’ म्हणत नाहीत, हे कळल्यावर ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, विमानतळावर आईला हे म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

प्रश्न : माझी बायको अमेरिकेची. आम्ही नेरुळला असतो. एरवी हसतमुख असते, पण नोव्हेंबरात फार उदास होते. दिवाळी नुकतीच झालेली असते, घर भरलेलं असतं, तरी. काय करू?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग असतं. त्या दिवशी मुलं कुठे कुठे असली तरी घरी येतात. आपल्या मुलाला भाऊबीजेला सुट्टी मिळाली नाही की आपल्याला जसं होतं, तसं तिला त्या गुरुवारी होतं. आपली दिवाळी कितीही दणक्यात झाली तरी ती त्या दिवसाची भरपाई करू शकत नाही. ती तारीख तुमच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, आणि तिने सांगायच्या आत तुम्ही म्हणा, यंदा काय करायचं?

आमच्याकडे त्या दिवशी तिच्याकडचा काळा तांदूळ शिजतो. तांदूळ म्हणतात, पण तो एका पाणगवताचा दाणा आहे, मिनेसोटाच्या तळ्यांत उगवतो. ओजिब्वे नावाचे तिथले मूळचे लोक होडीतून जातात, काठीने कणसं होडीवर वाकवून झोडपतात आणि दाणे होडीत पाडतात. तिची आई दर वर्षी दोन पाकिटं पाठवते. शिजायला तासभर लागतो, म्हणून मी तो कुकरला लावते.

वेळेचं फक्त जपा. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात. त्यामुळे मिनेसोटा उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेअकरा तास. तुमच्या सासरचं राज्य कुठलं ते बघून हिशेब करा. एका वर्षी आम्ही हा तास विसरलो आणि तिकडे सगळे जेवून उठल्यावर आमचा फोन गेला.

तिथे गुरुवारी संध्याकाळचे सात म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी सकाळचे साडेसहा. सहाला आम्ही सगळे उठतो, अंघोळी नंतर. टेबलावर चार पानं मांडतो आणि पाचव्या जागी फोन उभा करतो. तिकडे त्यांच्या टेबलावर आम्ही असेच उभे असतो. आजी आता ८९ वर्षांच्या आहेत, कमी ऐकू येतं, पण कुकरची शिट्टी त्यांना ऐकू जाते. दर वर्षी विचारतात, गाडी आली का? सून म्हणते, नाही आजी, तुमचा तांदूळ झाला.